कालचा खेळाडू, आजचे मैदान

१५ ऑगस्ट १९३६ चा दिवस. जर्मनीची राजधानी बर्लिन येथे ऑलिंपिक स्पर्धेतील हॉकीचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूस यजमान जर्मनी आणि दुसऱ्या बाजूस भारत. पावसामुळे हा सामना एक दिवस पुढे ढकलावा लागला होता. मैदान अजूनही ओले होते. मध्यंतर झाले तेव्हा भारताच्या नावावर अवघा एक गोल होता. याच जर्मन संघाने स्पर्धेपूर्वीच्या सराव-सामन्यात भारतास ४-१ असे हरविले होते. त्यामुळे जर्मन प्रेक्षकांची आशा अजून मावळली नव्हती आणि भारतीय खेळाडूंच्या मनातील धाकधूकही गेली नव्हती.

मध्यंतरानंतर भारताचे कर्णधार ध्यानचंद यांनी एक साधीच गोष्ट केली. निसरड्या गवतावर खिळ्यांचे बूट त्यांना नीट साथ देत नव्हते. त्यांनी ते बूट काढले, मोजेही काढले आणि रबरी तळव्यांचे साधे बूट चढवून ते पुन्हा खेळू लागले. मग त्यांची पावले मोकळी झाली. भारतीय आघाडीच्या फळीने गोलामागून गोल चढविले. सामना संपला तेव्हा भारताचे ८ गोल झाले होते आणि जर्मनीचा केवळ १.

या विजयास आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. हॉकीचा खेळ आता पुष्कळ बदलला आहे. त्यामुळे खेळाच्या चाहत्यांत एक वाद हटकून रंगतो. एखादे आजोबा अभिमानाने म्हणतात, “ध्यानचंदांसारखा खेळाडू पुन्हा होणे नाही. आजच्या खेळाडूंना त्यांनी सहज चकविले असते!” त्यावर त्यांचा नातू म्हणतो, “पण आजोबा, आजचा खेळ केवढा वेगवान झाला आहे! ध्यानचंदांना या खेळाडूंच्या मागे धावणे तरी जमले असते का?” आजोबांचे ऐकावे तर आजोबांचे खरे वाटते, नातवाचे ऐकावे तर नातवाचे. ध्यानचंद आज मैदानात उतरले असते, तर खरोखर काय घडले असते?

नुसत्या आकड्यांवरून याचे उत्तर मिळत नाही. १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथे भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही. त्या २९ पैकी १४ गोल एकट्या ध्यानचंदांचे होते. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे भारताने अमेरिकेस २४-१ असे हरविले. त्या सामन्यात ध्यानचंदांचे धाकटे बंधू रूपसिंग यांनी १० आणि ध्यानचंदांनी ८ गोल केले. हे आकडे डोळे दिपवून टाकणारे आहेत. परंतु लॉस एंजेलिसच्या त्या स्पर्धेत भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या हॉकीत बारा संघ उतरले होते आणि त्यांपैकी कोणावरही २४ गोल चढविण्याचे स्वप्न कोणी पाहिले नसते. एका दुकानात धान्य पायलीने मोजले आणि दुसऱ्या दुकानात ते किलोने तोलले, तर नुसत्या आकड्यांवरून कोणते धान्य अधिक हे सांगता येत नाही. आधी मापे समजून घ्यावी लागतात. म्हणून त्या काळचे मैदान, त्या वेळची साधने आणि तेव्हाचे नियम आजच्यापेक्षा कसे वेगळे होते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

पहिला बदल पायांखालचा. ध्यानचंद गवताच्या किंवा मातीच्या मैदानावर खेळत. असे मैदान कितीही निगुतीने राखले, तरी त्यात उंचसखलपणा राहतोच. सरळ येणारा चेंडू एखाद्या ढेकळावर आपटून उसळतो, तर कधी ओल्या गवतात रुतून मंद होतो. त्यामुळे चेंडू आधी अडवावा लागे, मग काबूत घ्यावा लागे आणि त्यानंतर पुढे न्यावा लागे. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून या स्पर्धेतील हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळली जाऊ लागली. ही हिरवळ तंतूंची विणलेली आणि गालिच्यासारखी सपाट असते. चेंडू झपाट्याने घरंगळावा म्हणून सामन्यापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडतात. तिच्यावर चेंडू वाट सोडीत नाही आणि वेगही फारसा गमावीत नाही. एका टोकाकडून मारलेला चेंडू पाहता पाहता दुसऱ्या टोकाकडे पोहोचतो.

अशा मैदानावर ध्यानचंदांचे काय झाले असते? त्यांची कीर्ती होती ती चेंडूवरील ताब्याबद्दल. चेंडू त्यांच्या काठीस जणू चिकटून राहतो, असे लोक म्हणत. त्यांच्या काठीत लोहचुंबक दडविलेला असावा अशा शंकेने परदेशात ती काठी मोडून पाहिली गेली, अशी आख्यायिकाही सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, त्यांचा खेळ पाहून लोकांना काय वाटत असे, हे तिच्यावरून कळते. ज्याने उसळणारा, वाकडातिकडा जाणारा चेंडू काबूत ठेवला, त्याला सपाट हिरवळीवरचा चेंडू काबूत ठेवणे अधिक सोपे गेले असते. पण ही सोय त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनाही मिळाली असती, हे विसरून चालणार नाही. गवतावर जे कसब हजारांत एकाला साधे, त्यातील बराच भाग सपाट हिरवळीवर पुष्कळांना साधतो. शिवाय चेंडू वेगाने येतो, म्हणून विचार करावयास सवडही कमी मिळते.

दुसरा बदल साधनांचा. ध्यानचंदांच्या हातातील काठी तुतीच्या लाकडाची असे. चेंडू बूच व सुतळी यांच्या गाभ्यावर कातडे शिवून केलेला असे. पावसात तो भिजून जड होई. आजची काठी कार्बनच्या तंतूंपासून बनविलेली असते. ती हलकी असूनही फार ताठ असते आणि त्यामुळे चेंडूस जबर वेग देते. चेंडू प्लास्टिकचा असल्याने पाणी पीत नाही. गोलरक्षकाची तर पूर्ण कायाच पालटली आहे. पूर्वी तो पायांना गाद्या बांधून आणि चेहरा उघडा ठेवून गोलापुढे उभा राही. आज त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, छातीवर कवच, हातांत जाड मोजे आणि पायांवर हलक्या फेसाळ द्रव्याच्या रुंद ढाली असतात. त्यामुळे तो जमिनीवर बेधडक झेप घेऊन चेंडू अडवितो. ध्यानचंदांना आज असा गोलरक्षक समोर दिसला असता, तर त्यांचे काही हुकमी फटके खात्रीने अडविले गेले असते.

परंतु गोलाची चौकट मात्र तीच आहे. ती त्या काळी १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच होती, आणि आजही तेवढीच आहे. गोल करण्यासाठी चेंडू वर्तुळाच्या आतूनच मारावा लागतो, हा नियमही कायम आहे. काठीची मागची गोलाकार बाजू वापरावयाची नाही, हेही बदललेले नाही. ध्यानचंदांना गोलाची दिशा व अंतर न पाहता कळे, असे त्यांच्या सोबत्यांना वाटे. एका मैदानावर त्यांचे फटके पुन्हा पुन्हा हुकू लागले, तेव्हा त्यांनी गोलाच्या मापाविषयीच शंका घेतली आणि मोजून पाहता ती खरी ठरली, अशीही एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ज्याच्या मनात गोलाचे चित्र इतके पक्के होते, त्याला आजची चौकट परकी वाटली नसती.

तिसरा बदल नियमांचा. त्या काळी ऑफसाइडचा नियम कडक होता. चेंडूच्या पुढे गेलेल्या खेळाडूस चेंडू द्यावयाचा, तर तो खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असणे आवश्यक असे. नाही तर खेळ थांबविला जाई. त्यामुळे आघाडीच्या खेळाडूस गोलाजवळ आधीच जाऊन उभे राहता येत नसे. सोबत्याने चेंडू सोडला की त्याच क्षणी मुसंडी मारावी लागे. १९९८ साली हा नियम कायमचा रद्द झाला. मध्यभागी राहून आक्रमणाचे नेतृत्व करणाऱ्या ध्यानचंदांच्या दृष्टीने हा बदल म्हणजे बंद दार उघडल्यासारखा ठरला असता. गोलाजवळ मोकळी जागा हेरून तेथे उभे राहण्याची मुभा त्यांना मिळाली असती. मात्र काही सवलती त्यांच्या हातून गेल्याही असत्या. पूर्वी कोणत्याही खेळाडूस हाताने चेंडू थांबविता येई. आज गोलरक्षकावाचून इतरांना तशी परवानगी नाही.

पेनल्टी कॉर्नरचे स्वरूपही पालटले आहे. आज एक खेळाडू गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो, दुसरा तो वर्तुळाच्या कडेवर अडवितो आणि तिसरा तो काठीने ओढून गोफणीतील दगडासारखा गोलाकडे फेकतो. या फेकीस ड्रॅग फ्लिक म्हणतात. ताशी शंभर किलोमीटरांहूनही अधिक वेगाने जाणारी ही फेक आजच्या हॉकीतील एक मोठे अस्त्र आहे. ध्यानचंदांना ती नव्याने शिकावी लागली असती, किंवा ते काम संघातील दुसऱ्या कोणावर सोपवावे लागले असते.

चौथा बदल सर्वांत अवघड आहे. तो शरीराचा. ध्यानचंदांच्या काळी संघात पाच खेळाडू आघाडीस, तीन मध्यरक्षक, दोन बचावासाठी आणि एक गोलरक्षक अशी मांडणी असे. आघाडीच्या खेळाडूने गोल करावेत आणि मागच्यांनी गोल वाचवावेत, अशी कामे वाटून दिलेली असत. आज चेंडू हातून गेला की आघाडीचा खेळाडूही त्याच क्षणी मागे धावतो आणि बचावात सामील होतो. सामना प्रत्येकी १५ मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो. दमलेला खेळाडू थोडा वेळ बाहेर बसून पुन्हा मैदानात येऊ शकतो आणि असे कितीही वेळा करता येते. म्हणून मैदानावर असेपर्यंत प्रत्येकाने जीव तोडून धावावे, अशी अपेक्षा असते. आहार, व्यायाम आणि विश्रांती यांचे शास्त्र आजच्या खेळाडूच्या दिमतीस असते. प्रतिस्पर्ध्याच्या खेळाची चित्रफीत पाहून त्याच्या सवयी आधीच टिपून ठेवलेल्या असतात.

याबाबत नातवाचे म्हणणे मान्य केले पाहिजे. बर्लिनच्या अंतिम सामन्यातून ध्यानचंदांना उचलून दुसऱ्याच दिवशी आजच्या सामन्यात उभे केले असते, तर ते चांगलेच अडचणीत आले असते. पहिल्या काही मिनिटांतच त्यांना धाप लागली असती. वाकून, खाली झुकून धावण्याची आजची पद्धत त्यांच्या पाठीस पेलली नसती. पण असा प्रयोग न्यायाचा ठरेल काय? कसलेल्या नाविकास एकाएकी विमानाच्या चालकाच्या जागी बसवावे आणि त्याला ते चालविता आले नाही म्हणून नाविक म्हणूनही तो कच्चा ठरवावा, तसे ते होईल.

प्रश्न उलटा करून पाहिला म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. समजा, आजच्या एखाद्या नामवंत खेळाडूस १९३६ सालात नेले. मुंबईहून बोटीने निघून त्याने दीर्घ प्रवास करून युरोप गाठावे. तेथे पोहोचल्यावर त्याच्या हातात लाकडी काठी द्यावी. पुढे चिखलाचे मैदान आणि भिजून जड झालेला चेंडू असावा. दमला तरी बाहेर बसण्याची सोय नाही, कारण त्या काळी बदली खेळाडू घेताच येत नसे. त्यातच ऑफसाइडचा पंच क्षणाक्षणाला खेळ थांबवीत असावा. अशा वेळी या खेळाडूची काय त्रेधा उडेल! तरीही त्यावरून त्याचे आजचे कर्तृत्व खोटे ठरणार नाही.

म्हणून न्यायाचा प्रश्न असा विचारावा लागतो: ध्यानचंदांना आजच्या मुलांप्रमाणे शिकण्यास पुरेसा वेळ, आजची साधने आणि आजचा मार्गदर्शक मिळाला असता, तर ते कोठवर पोहोचले असते? त्याचा अंदाज बांधण्यास काही खरी उदाहरणे उपयोगी पडतात.

पहिले उदाहरण त्यांच्या घरातलेच आहे. ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार हेही उत्तम हॉकीपटू होते. १९७५ साली क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानास २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला. तेव्हा विजयी गोल अशोककुमारांनीच केला. तो सामना गवतावर झाला होता. पुढच्याच वर्षी माँट्रिऑलच्या कृत्रिम हिरवळीवर अशोककुमारांसह खेळणाऱ्या भारतीय संघास सातव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. एका वर्षात खेळाडूंचे कौशल्य कोठे नाहीसे झाले नव्हते. पायांखालची जमीन मात्र बदलली होती, आणि नव्या जमिनीचा पुरेसा सराव नसेल तर मोठे खेळाडूही अडखळतात, हे या उदाहरणावरून दिसते.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. पुण्याजवळच्या खडकी येथे १९६८ साली जन्मलेले धनराज पिल्ले लहानपणी दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतील मातीच्या मैदानावर खेळले. मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू हीच त्यांची साधने होती. पुढे त्यांनी कृत्रिम हिरवळीवरील खेळ आत्मसात केला. ऑफसाइडचा नियम असताना ते खेळले आणि तो रद्द झाल्यावरही खेळले. १९९२ पासून २००४ पर्यंत सलग चार ऑलिंपिक स्पर्धांत त्यांनी भाग घेतला. १९९८ साली बँकॉक येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनंतर आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक पटकाविले. मातीत शिकलेला हात नव्या हिरवळीवरही चालू शकतो, याची साक्ष या कारकिर्दीने दिली आहे. मात्र त्यासाठी नवे शिकण्याची तयारी लागते आणि वेळही लागतो.

ही तयारी ध्यानचंदांच्या अंगी होती काय? त्यांचे चरित्र या प्रश्नाचे उत्तर देते. २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबाद येथे जन्मलेल्या या मुलास लहानपणी कुस्तीची आवड अधिक होती. हॉकीची खरी गोडी त्यांना लागली ती १९२२ साली लष्करात शिपाई म्हणून भरती झाल्यावर. दिवसभराची कामगिरी आटोपून ते चांदण्यात सराव करीत; म्हणूनच ‘ध्यानसिंग’ या मूळ नावास ‘चंद’ हे पद चिकटले, असे सांगतात. उशिरा सुरुवात करूनही अवघ्या सहा वर्षांत ते ऑलिंपिकच्या सुवर्णपदकापर्यंत पोहोचले. बर्लिन येथे ते एकतीस वर्षांचे होत आले होते. सराव-सामन्यातील पराभवाचा धडा त्यांनी तेथे घेतला आणि अंतिम सामन्यात मैदानाचा रंग ओळखून मध्यंतरानंतर बूट बदलले. परिस्थिती बदलली की आपली रीत बदलावयाची, हा गुण त्यांच्या ठायी होताच.

आणखी एक गुण लक्षात घ्यावा लागेल. ध्यानचंदांचे बळ केवळ मनगटात नव्हते. सोबती कोठे आहे, पुढच्या क्षणी तो कोठे असेल आणि प्रतिपक्षाचा रक्षक कोणत्या पावलावर भार देऊन उभा आहे, हे त्यांना इतरांच्या आधी दिसे. स्वतः गोल करण्याजोगी जागा असतानाही अधिक चांगल्या जागी असलेल्या सोबत्याकडे ते चेंडू सोपवीत. काठी लाकडाची असो वा कार्बनची, हिरवळ खरी असो वा विणलेली, अशी दृष्टी असलेल्या खेळाडूची गरज कधी संपत नाही. उलट खेळ जितका वेगवान, तितकी क्षणभर आधी पाहणाऱ्या डोळ्यांची किंमत अधिक.

तेव्हा आजोबा आणि नातू यांच्या वादाचा निवाडा कसा करावा? ध्यानचंदांनी आज एका सामन्यात आठ-आठ, दहा-दहा गोल केले असते, असे म्हणणे धाडसाचे होईल. आज पुष्कळ देशांनी या खेळात प्रावीण्य मिळविले आहे आणि गोल करणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे. म्हणून आजोबांनी आपला आग्रह थोडा सैल केला पाहिजे. पण योग्य शिक्षण मिळते, तर ते आजच्या अग्रगण्य खेळाडूंच्या पंक्तीत बसले असते, असे मानण्यास भक्कम आधार आहे. म्हणून नातवानेही, जुना खेळाडू म्हणजे मंद खेळाडू, हा आपला समज सोडून दिला पाहिजे.

भारत २०२१ साली टोकियो येथे आणि २०२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिकच्या हॉकीत कांस्यपदक विजेता ठरला. हे विजय मिळविणाऱ्या खेळाडूंच्या हाती नव्या काठ्या होत्या आणि पायांखाली नवी हिरवळ होती. तरीही चेंडू अडविणे, सोबत्यास हेरणे आणि नेमक्या क्षणी तो पुढे देणे ही विद्या त्यांना मागील पिढ्यांकडूनच मिळाली होती. प्रत्येक पिढी मागच्या पिढीच्या खांद्यावर उभी राहून थोडे अधिक दूरचे पाहते. खांद्यावर उभे असलेल्याने आपण उंच आहोत याचा आनंद जरूर मानावा. मात्र तो खांदा कोणाचा आहे, याचा विसर पडू देऊ नये.

ध्यानचंदांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, भारतात राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून मुले मैदानात उतरतात. कोणाच्या हाती नवी काठी असते, तर कोणाच्या हाती जुनी. मैदान कोठे सपाट असते, तर कोठे खडबडीत. आपल्याला लाभलेल्या मैदानावर, आपल्या हाती असलेल्या काठीने जास्तीत जास्त चांगला खेळ करणे, हेच ध्यानचंदांनी आयुष्यभर केले. कोणत्याही काळातील खेळाडूची पारख करावयाची, ती याच कसोटीवर.